विजेची शिदोरी

इंदूर शहरातील पोलोग्राउंड या भागाचे नाव प्रथमच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोकळे मैदान, घोड्यांच्या टापा आणि होळकरशाहीतील दरबारी खेळ उभा राहील. प्रत्यक्षात तेथे आज कारखान्यांच्या ओळी आहेत आणि मालवाहू गाड्यांची वर्दळ आहे. नाव मैदानाचे राहिले, रूप मात्र उद्योगनगरीचे झाले. याच पोलोग्राउंडवर जी. पी. एच. आवार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेत मध्य प्रदेशाच्या पश्चिम क्षेत्राला वीज पुरवणाऱ्या वितरण कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. इंदूर आणि उज्जैन विभागांतील लक्षावधी घरांतील दिव्यांचा हिशेब येथे ठेवला जातो. ज्या जागेचे नाव घोड्यांच्या खेळावरून पडले, तिची ओळख आज विजेशी जडलेली आहे.

इंदुरात विजेचा पुरवठा १९०६ साली सुरू झाला. तिसरे तुकोजीराव होळकर त्या वेळी अज्ञान होते आणि राज्याचा कारभार रीजन्सी मंडळाकडे होता. पुढे १९१८ साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शहराचा आराखडा आखला, तेव्हा आधुनिक नगराची घडण कशी असावी याचा विचार येथे रुजू लागला होता. वीज हे या आधुनिकतेचे ठळक लक्षण होते. परंतु या विजेला एक मर्यादा होती. ती तारेला बांधलेली होती. जिथवर तार, तिथवर उजेड. तार संपली की अंधार. दाव्याला बांधलेले जनावर दाव्याच्या लांबीइतकेच फिरते, तशी वीजघराची वीज तारेच्या लांबीइतकीच चालते. घरापासून दूर निघालेल्या माणसाने शिदोरी बांधून घ्यावी, त्याप्रमाणे तारेपासून दूर जाणाऱ्या यंत्राला विजेची शिदोरी बरोबर द्यावी लागते. ही शिदोरी म्हणजे बॅटरी.

या शिदोरीवर किती गोष्टी अवलंबून असतात हे पाहावयाचे असेल, तर एखाद्या न्यायालयाच्या, मोठ्या देवळाच्या किंवा विमानतळाच्या दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या हाताकडे पाहावे. त्याच्या हातातील धातुशोधक यंत्र, ज्याला सर्वजण ‘मेटल डिटेक्टर’ म्हणतात, आल्यागेल्याच्या अंगावरून फिरते. धातू जवळ आला की ते आवाज करते. आवाज झाला नाही की माणूस आत जातो. या न होणाऱ्या आवाजावर पहारेकऱ्याचा आणि आत जमलेल्या समुदायाचा विश्वास असतो. पण यंत्राच्या मौनाचे अर्थ दोन होऊ शकतात. समोर धातू नाही, हा एक अर्थ. यंत्रातील बॅटरी उतरली आहे, हा दुसरा. दोन्ही मौने कानाला सारखीच लागतात. धातुशोधकाचा आणि त्याच्या बॅटरीचा इतिहास म्हणजे या दोन मौनांतील भेद ओळखण्याच्या खटपटीचाच इतिहास होय.

मालव्याला हा प्रश्न तसा जुनाच आहे. येथे विजेचे पहिले पाऊल पडले ते दिव्याच्या रूपाने नव्हे, तर तारायंत्राच्या रूपाने. १८५४ साली आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तारायंत्राची वाट इंदुरावरून गेली. त्या काळी ना वीजघर होते, ना जनित्र. तारकचेरीत आम्लाने भरलेली भांडी आणि त्यांत बुडवलेल्या धातूंच्या पट्ट्या यांतूनच वीज मिळवावी लागे. इटलीतील व्होल्टा याने १८०० साली जस्ताच्या आणि तांब्याच्या किंवा चांदीच्या चकत्या एकावर एक रचून जो पहिला विद्युत् घट बनवला, त्याचेच हे वंशज होते. भांड्यातील आम्ल निकामी झाले किंवा जस्त झिजून गेले की तार मुकी होई. १८५७ साली १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, आणि त्या धामधुमीत मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या. पलीकडून संदेश येत नाही, याचा अर्थ पलीकडे सर्व शांत आहे असा घ्यावा, की तार तुटली आहे असा, हे तारकचेरीतील माणसाला केवळ मौनावरून ठरवता येत नव्हते.

धातुशोधकाची जन्मकथाही अशाच एका फसव्या मौनाशी निगडित आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून चौदा वर्षे अवकाश होता. गोळी कोठे आहे हे शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. ह्यूझ या शास्त्रज्ञाने १८७९ साली बनवलेल्या प्रवर्तन-तुलेच्या तत्त्वावर त्यांनी एक उपकरण रचले. त्याचे तत्त्व सोपे आहे. तारेच्या एका वेटोळ्यातून सतत बदलणारा प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. दुसरे वेटोळे अशा बेताने ठेवावयाचे की त्यात आवाज उमटू नये. जवळ धातूचा तुकडा आला की त्या तुकड्यात लहान लहान प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात, तोल बिघडतो आणि कानाशी धरलेल्या टेलिफोनमध्ये आवाज होतो. अंगात जुनी गोळी राहिलेल्या माजी सैनिकांवर बेल यांनी हे उपकरण तपासून पाहिले आणि ते खरे ठरले.

अध्यक्षांच्या बिछान्याशी मात्र ते अपयशी ठरले. जुलैच्या अखेरच्या प्रयत्नात जोडणीतील दोषामुळे यंत्र नीट बोलेना. १ ऑगस्टच्या दुसऱ्या प्रयत्नात आवाज आला, पण तो विस्तीर्ण भागावर पसरलेला होता. गादीत पोलादी तारा होत्या, हे मागाहून कळले. शिवाय मुख्य डॉक्टरांचा आग्रह शरीराची उजवी बाजूच तपासण्याचा होता. १९ सप्टेंबरला गारफील्ड निवर्तले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस सापडली. यंत्राचे तत्त्व बरोबर होते. ज्या परिस्थितीत ते वापरले गेले ती सदोष होती. यंत्र काय सांगते याइतकेच ते कोणत्या स्थितीत सांगते यालाही महत्त्व असते, हा धातुशोधनाचा पहिला धडा जगाला अशा दुःखद रीतीने मिळाला.

त्याच १८८१ साली युरोपात बॅटरीच्या इतिहासातील एक मोठी घटना घडत होती. त्यापूर्वी बहुतेक घट एकदाच उपयोगी पडत. जस्त संपले की घट संपला. १८५९ साली फ्रान्समधील प्लांते याने शिसे आणि गंधकाम्ल यांच्या साहाय्याने असा घट बनवला की जो रिकामा झाल्यावर बाहेरून उलट प्रवाह देऊन पुन्हा भरता येत असे. १८८१ च्या सुमारास फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची युक्ती काढली आणि या घटाची साठवणशक्ती पुष्कळ वाढली. अशा भरलेल्या घटांची एक पेटी त्या वर्षी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉम्सन यांच्याकडे नेण्यात आली. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झाले. सुमारे दहा लक्ष फूट-पौंड इतकी ऊर्जा पेटीत बंद होऊन प्रवासाला निघाली याचे त्यांनाही कौतुक वाटले. धातूचा वेध घेणारे यंत्र आणि त्याला पोसू शकणारी भरता येण्याजोगी शिदोरी या दोन्ही गोष्टी अशा एकाच वर्षी जगासमोर आल्या. मात्र त्यांची भेट व्हावयास आणखी बराच काळ जावा लागला.

याचे कारण वजन होय. शिशाची बॅटरी जड, आणि तिच्यातील आम्ल सांडण्याचे भय. माणसाच्या हातात राहील असे यंत्र हवे तर हलकी बॅटरी हवी. १८६६ साली लक्लांशे याने जस्त, कर्ब आणि मँगेनीजचे ऑक्साइड यांचा घट बनवला होता. १८८० नंतरच्या दशकात जर्मनीत गास्नर याने त्यातील द्रवाऐवजी खळ वापरून ‘कोरडा’ घट तयार केला. खेड्यापाड्यांतील माणूस ज्याला ‘सेल’ म्हणतो तो हाच. रात्री शेताकडे निघालेल्या शेतकऱ्याच्या हातातील विजेरी याच सेलवर चाले, आणि जेथे विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या तेथे चावडीवरचा रेडिओही बॅटरीच्याच बळावर बोलत असे. १९३० नंतर अमेरिकेत गेऱ्हार्ड फिशर या जर्मन वंशाच्या अभियंत्याने विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओयंत्रावर काम करताना पाहिले की जवळपास धातूच्या वस्तू वा खनिजे असली की यंत्र चुकते. ही चूकच त्याने शोधाचे साधन केली. १९३७ साली त्याला पेटंट मिळाले आणि माणसाला उचलून नेता येईल असे धातुशोधक यंत्र प्रचारात आले.

तोपर्यंत दुसरे महायुद्ध उंबरठ्यावर येऊन ठेपले होते, आणि या युद्धाने जमिनीत पुरलेल्या सुरुंगांचे संकट अफाट वाढवले. स्कॉटलंडमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सैन्यातील संदेश विभागाचे अधिकारी यूझेफ कोसात्स्की यांनी १९४१ च्या सुमारास सुरुंगशोधक यंत्र बनवले. बांबूसारख्या दांड्याच्या टोकाला वेटोळे, कानाला श्रवणयंत्र आणि पाठीवर बॅटरीची पेटी, असे त्याचे रूप होते. सारे मिळून वजन १४ किलोग्रॅमहून किंचित कमी. या यंत्राचे पेटंट न घेता कोसात्स्की यांनी ते ब्रिटिश सैन्याच्या स्वाधीन केले. १९४२ च्या ऑक्टोबरात एल अलामीनच्या लढाईत अशी सुमारे ५०० यंत्रे वापरली गेली. सुरुंग काढण्याचा वेग ताशी सुमारे १०० मीटरांवरून २०० मीटरांपर्यंत गेला. त्या रणभूमीवर हिंदी सैन्याची चौथी डिव्हिजनही होती.

या यंत्राने जवानाला कोणत्या धोक्यातून वाचवले, हे समजण्यासाठी यंत्र येण्यापूर्वीची एक हकीकत आठवावी लागेल. १९४१ च्या आरंभी पूर्व आफ्रिकेत गोंदरच्या वाटेवर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या २१ व्या फील्ड कंपनीतील सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत सर्वांत पुढच्या गाडीतून मार्ग मोकळा करीत चालले होते. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे त्यांनी शोधून साफ करविली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगाने उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम दुसऱ्याकडे सोपवले नाही. कोसात्स्कींचे यंत्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते. डोळ्यांची नजर आणि हातांची सावधगिरी हीच त्यांची साधने होती. व्हिक्टोरिया क्रॉस हा सन्मान त्यांना मिळाला. पुढे लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर १९७४ साली ते दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष झाले आणि वीजनिर्मितीचे काम त्यांच्याकडे आले.

याच बॉम्बे सॅपर्सचे दुसरे नररत्न म्हणजे कारवारजवळील चेंडिया गावचे राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत नौशेरा ते राजौरी या डोंगरी रस्त्यावर रणगाड्यांना वाट करून देण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे होते. ८ एप्रिलला काम सुरू होण्याच्या आतच तोफगोळ्यांचा मारा झाला. दोन जवान पडले, स्वतः राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. त्यांनी लगेच तुकडी सावरली आणि रात्री दहापर्यंत काम चालवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते पुन्हा रस्त्यावर होते. ११ एप्रिलपर्यंत हा क्रम चालला. सुरुंग निघाले, आडवी पडलेली पाइनची झाडे उडवली गेली आणि राजौरीची वाट मोकळी झाली. या पराक्रमासाठी राणे यांना परमवीरचक्र मिळाले.

भगत आणि राणे यांच्या हकीकती यंत्राच्या इतिहासात सांगण्याचे कारण असे की यंत्राचे मौन जेथे प्राणावर बेतते ती जागा त्यांनी जवळून पाहिली होती. शोधक घेऊन पुढे चाललेल्या जवानाचा मागील सारा स्तंभ त्याच्या कानावर विसंबून असतो. महायुद्धातच जर्मनांनी लाकडी पेट्यांचे आणि काचेचे सुरुंग पुरावयास आरंभ केला, तेव्हा चांगले चालणारे यंत्रही पुष्कळदा गप्प राहू लागले. शत्रूने लादलेल्या या मौनावर जवानाचा इलाज मर्यादित होता. पण उतरलेल्या बॅटरीमुळे येणारे मौन हे शत्रूचे काम नव्हे, ते आपल्याच हलगर्जीपणाचे फळ होय. म्हणूनच बॅटरीची निगा हा सैन्यात शिस्तीचा विषय मानला जातो. इंदुराजवळच्या महू येथे भारतीय सैन्याचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संदेशवहनाची विद्या जेथे शिकवली जाते तेथे रणांगणावरील यंत्राला वीज कोठून मिळणार, हा प्रश्न दुय्यम मानून चालत नाही.

ही निगा प्रत्येक जातीच्या बॅटरीला वेगळी लागते. साध्या कोरड्या सेलची शक्ती हळूहळू ओसरते. त्यामुळे धातुशोधक एकदम बंद पडत नाही. प्रथम त्याची पोच कमी होते. सकाळी वीतभर अंतरावरून कळणारा धातू सायंकाळी चार बोटांवर आल्यावरच कळू लागतो. थोडी विश्रांती मिळाली की तोच सेल पुन्हा तरतरी आल्यासारखा वागतो आणि वापरणाऱ्याची फसगत होते. असा सेल भरण्याच्या खटपटीत पडू नये. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नयेत. यंत्र बरेच दिवस ठेवून द्यावयाचे असेल तर सेल काढून ठेवावेत, नाही तर ते पाझरून आतील भाग खराब करतात.

शिशाच्या बॅटरीचे तसे नाही. तिचे अंतरंग आम्लाच्या घनतेवरून कळते. भरलेल्या बॅटरीत ती १.२५ ते १.२८ असते, उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्या खाली जाते. काचेच्या नळीतील तरंगणारा मापक हे पाहता पाहता सांगतो. ती रिकामी ठेवली तर पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि ती कायमची दुबळी होते. उन्हाळ्यात तिचे पाणी कमी होते, तेव्हा शुद्ध उदकच घालावे लागते. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको. आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. घरात येणारी वीज क्षणोक्षणी दिशा बदलणारी असते. बॅटरी मात्र एकाच दिशेचा प्रवाह घेते. म्हणून मध्ये दिशा सरळ करणारे साधन लागते. लोकांच्या तोंडी असलेला ‘चार्जर’ हे काम करतो.

स्वीडनमधील युंगनर याने १८९९ साली निकेल आणि कॅडमियम यांची बॅटरी शोधली. १९४७ च्या सुमारास तिचा पूर्ण बंदिस्त नमुना तयार झाला आणि हातातील यंत्रांना पुन्हा पुन्हा भरता येणारी, न सांडणारी शिदोरी मिळाली. तिचा स्वभाव वेगळाच. ती बराच वेळ सारख्या जोराने चालते आणि शेवटी एकदम बसते. म्हणून तिच्या बाबतीत घड्याळाकडे पाहून, किती तास वापर झाला याची नोंद ठेवूनच, ती वेळेवर भरावी लागते. १९९१ साली जपानमध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तिच्यामागील संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ शक्ती हा तिचा गुण. पण ती प्रमाणाबाहेर भरली किंवा फार उतरू दिली तर बिघडते, प्रसंगी पेटते. तिच्यासाठी नेमून दिलेलाच चार्जर वापरावा लागतो. आणि बॅटरी कोणत्याही जातीची असो, ती निकामी झाल्यावर शिसे, कॅडमियम यांसारखे विषारी द्रव्य मातीत जाऊ नये, म्हणून ती कचऱ्यात न टाकता परत करावी लागते. भारतात यासाठी २००१ साली नियम झाले आणि २०२२ साली ते अधिक व्यापक करण्यात आले.

एवढी विद्या पदरी असूनही शेवटचा भरवसा एका साध्या कृतीवरच ठेवावा लागतो. पहारेकऱ्याने कामाला उभे राहताना यंत्र प्रथम आपल्याच कमरपट्ट्याच्या बकलापाशी किंवा हातातील किल्लीपाशी नेऊन पाहावे. आहे तेथे ते बोलले, तरच नाही तेथील त्याच्या मौनाला अर्थ. काम चालू असतानाही ही परीक्षा अधूनमधून करावी. गारफील्ड यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी बेल यांनी माजी सैनिकांवर जी परीक्षा घेतली, तिचेच हे सोपे रूप आहे. तिला खर्च नाही, क्षणभर पुरते. तरीही घाईगर्दीत आणि सवयीच्या आळसात हीच गोष्ट प्रथम वगळली जाते.

पोलोग्राउंडच्या कार्यालयात शहराच्या विजेची नोंद होते. एखाद्या वस्तीचा पुरवठा बंद पडला तर घराघरांतून तक्रार येते, कारण अंधार सर्वांना दिसतो. पहारेकऱ्याच्या हातातील बॅटरी उतरली तर मात्र कोणीही तक्रार करीत नाही. यंत्र शांत असते, रांग पुढे सरकत असते आणि सर्व काही ठीक आहे असेच वाटत राहते. तारेतील विजेची काळजी वाहण्यास मोठी संस्था आहे. शिदोरीतील विजेची काळजी ज्याच्या हाती ती शिदोरी आहे त्यानेच वाहिली पाहिजे. रात्री पाळी संपल्यावर यंत्र चार्जरला लावणे आणि सकाळी ते किल्लीपाशी नेऊन तपासणे या कामाला कोणी पदक देत नाही. पण ज्या समुदायाला सुखरूप घरी जावयाचे आहे, त्याचे रक्षण अशाच कामावर उभे असते.